दीडशे टक्क्यांवर कापली जाणारी अक्षरं

नवा लॅपटॉप आला आणि जुनं सॉफ्टवेअर धूसर दिसायला लागलं, ही तक्रार आता कुठल्याही ऑफिसात ऐकू येते. त्यावरचं उत्तरही ठरलेलं आहे: डिस्प्ले सेटिंगमध्ये जा आणि स्केल, म्हणजे अक्षरं आणि बटणं किती मोठी दाखवायची ते प्रमाण, शंभर टक्क्यांवर आणा. तसं केलं की अक्षरं रेखीव होतात, पण मुंगीएवढी होतात. चाळिशी लागलेला माणूस मग दिवसभर मान पुढे काढून पडद्यात डोकावत बसतो. काही ऑफिसांत याच्याही पुढची युक्ती निघते. स्क्रीनचं रेझोल्यूशनच खाली आणतात, म्हणजे पैसे मोजून घेतलेली तीक्ष्णता स्वतःच्या हाताने बंद करतात.

या सगळ्याचा दोष आपण कधी स्क्रीनला देतो, कधी विंडोजला, कधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोराला. मला वाटतं, सगळ्यात मोठा वाटा डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायच्या साधनांचा आहे. ज्या डिझायनरवर, म्हणजे साधनातल्या आखणीच्या खिडकीत, फॉर्म ओढून-ताणून तयार होतो, ज्या टेम्प्लेटमधून नवा प्रोजेक्ट उघडतो, त्यांनी वर्षानुवर्षं एकाच घनतेचा, म्हणजे इंचाला ठरावीक पिक्सेल असलेला, पडदा गृहीत धरला. आणि सरकारी खाती, बँका, पतसंस्था, रुग्णालयं यांनी सॉफ्टवेअर विकत घेताना त्याबद्दल कधी विचारलंच नाही, म्हणून कोणाला ते बदलायची घाई वाटली नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हाय-रेझोल्यूशन म्हटलं की लोकांना महागडे फोर-के पडदे आठवतात. प्रत्यक्षात हा प्रश्न अगदी साध्या लॅपटॉपचा आहे. काही वर्षांपूर्वी ऑफिसात सर्रास दिसणारा लॅपटॉप १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असे. गणित केलं तर इंचाला सुमारे १०० पिक्सेल पडतात. विंडोजने शंभर टक्के म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल असं धरलेलं आहे. दोन्ही आकडे जवळपास जुळत होते, त्यामुळे सॉफ्टवेअरमधलं गृहीतक चुकीचं आहे हे उघड व्हायला वावच नव्हता. आता त्याच १५.६ इंचांत १९२० बाय १०८० येतात, म्हणजे इंचाला १४१. चौदा इंची घेतला तर १५७. अशा पडद्यावर विंडोज स्वतःहून सव्वाशे किंवा दीडशे टक्के स्केल सुचवतं, आणि ते योग्यच आहे. नाहीतर अक्षरं वाचता येणार नाहीत.

मग सॉफ्टवेअरचं काय होतं? विंडोजने व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, एक तडजोड आणली. ज्या प्रोग्रामने ‘मला पडद्याची घनता कळते’ असं जाहीर केलेलं नाही, त्याला विंडोज खोटंच सांगतं की पडदा ९६ डीपीआयचा, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेलचा आहे. प्रोग्राम त्या हिशोबाने चित्र काढतो आणि विंडोज ते चित्र ताणून मोठं करतं. धूसरपणा येतो तो इथून. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये प्रत्येक मॉनिटरची घनता वेगळी सांगायची सोय झाली. २०१७ मध्ये विंडोज १० च्या सुधारणेत तिची दुसरी आवृत्ती आली, पर-मॉनिटर व्ही-टू. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूने काम होत गेलं, उशिरा का होईना. मात्र प्रत्येक वेळी नवी सोय ‘जो मागेल त्याला’ अशीच राहिली. जो मागणार नाही, त्याच्या वापरकर्त्यांच्या वाट्याला धूसर अक्षरं.

धूसरपणापेक्षाही वाईट एक गोष्ट घडते, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. समजा एखाद्या पतसंस्थेचं कर्जखात्याचं सॉफ्टवेअर आहे. त्याचा मुख्य फॉर्म १०२४ बाय ७६८ च्या काळात आखलेला, उंचीने पूर्ण ७६८ पिक्सेल, कडा ओढून लहान-मोठा न होणारा, आत स्क्रोलबार नाही. नव्या लॅपटॉपवर पडदा १०८० पिक्सेल उंच, म्हणून सगळ्यांना वाटतं की जागा भरपूर झाली. पण स्केल दीडशे टक्के आहे. १०८० ला दीडने भागा: ७२० उरतात. त्यातूनही खालचा टास्कबार वजा. फॉर्मचा तळ पडद्याच्या बाहेर गेला, आणि ‘जतन करा’ हे बटण नेमकं त्या तळाला आहे. मोठा, महाग, तीक्ष्ण पडदा घेऊन त्या माणसाच्या हाती जुन्यापेक्षा कमी जागा आली. काउंटरवरची मंडळी यावर उपाय शोधतात. टॅब किती वेळा दाबला की न दिसणाऱ्या बटणावर पोचतो हे पाठ करतात आणि एंटर मारतात. रकमेची नोंद जिथे होते तिथे न दिसणारं बटण दाबून काम चालणं मला भयंकर वाटतं.

प्रोग्रामने ‘मला घनता कळते’ असं नुसतं जाहीर करून टाकलं आणि आत मापं मात्र पिक्सेलमध्ये ठोकलेली ठेवली, तर आजार बदलतो. अक्षरं मोठी होतात, चौकट तेवढीच राहते. अक्षर कापलं जातं.

आणि इथे देवनागरीचं नुकसान रोमन लिपीपेक्षा जास्त होतं. ९ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग) अक्षर ९६ डीपीआयला १२ पिक्सेलमध्ये बसवावं लागतं. इंग्रजीला ते पुरतं. शिवाय व्हर्डानासारखे फाँट १९९६ पासून खास पडद्यासाठी, अगदी कमी पिक्सेलांचा विचार करून घडवले गेले. आपल्याला त्याच बारा पिक्सेलांत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार हे सगळं कोंबावं लागतं. ‘सर्वांचीं’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतो. चौकटीची उंची इंग्रजी मजकुरावर बेतलेली असेल तर पहिल्यांदा बळी जातो तो खालच्या उकाराचा. ‘पुणे’चं ‘पणे’ होतं, ‘सुधारणा’ची ‘सधारणा’. भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक तर शिरोरेषेपाशी एक-दोन पिक्सेलांचाच असतो. ताणून धूसर केलेल्या चित्रात तो पुसला जातो. भोरे आणि मोरे ही दोन्ही आडनावं एकाच गावात, एकाच सोसायटीच्या यादीत असू शकतात. दोनशे टक्के स्केलवर त्याच ९ पॉइंटच्या अक्षराला २४ पिक्सेल उंची मिळते, आणि मराठी मजकूर पहिल्यांदा कागदावर छापल्यासारखा दिसतो. हाय-रेझोल्यूशनची गरज इंग्रजी वापरणाऱ्यापेक्षा मराठी वापरणाऱ्याला जास्त आहे, असं मी म्हणतो ते यामुळे. जो पडदा आपल्या लिपीला शेवटी न्याय देऊ शकतो, त्यावर आपलंच सॉफ्टवेअर तिला परत बारा पिक्सेलांत ढकलतं.

आता साधनांकडे येतो. विनफॉर्म्स ही विंडोजचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट, आणि व्हिज्युअल स्टुडिओ हे त्यावर काम करायचं साधन. विनफॉर्म्समध्ये नवा फॉर्म उघडून त्यावर बटण ओढून टाकलं की व्हिज्युअल स्टुडिओ त्याला ७५ बाय २३ असं माप देतो, आणि ते पिक्सेलच्या आकड्यांत फाइलमध्ये लिहून ठेवतो. जागा किती डावीकडून, किती वरून, तेही पिक्सेलमध्येच. प्रोग्रामरने एकही ओळ लिहिलेली नसते. चूक साधनाने त्याच्या वतीने करून ठेवलेली असते. टेबल लेआउट पॅनल, फ्लो लेआउट पॅनल या मजकुराप्रमाणे जागा घेणाऱ्या चौकटी २००५ पासून विनफॉर्म्समध्ये आहेत, पण त्या टूलबॉक्समधून मुद्दाम शोधून आणाव्या लागतात. जे हात सहज करतो ते चुकीचं आणि जे योग्य आहे ते शोधावं लागतं, अशी रचना असेल तर शंभरातले नव्वद जण काय करतील हे सांगायला नको.

मला यात जास्त खुपतं ते मागचं पाऊल. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये, म्हणजे १९९८ च्या सहाव्या आवृत्तीतसुद्धा, फॉर्मवरची मापं ट्विपमध्ये असत. ट्विप म्हणजे इंचाचा १४४० वा भाग. पडद्याच्या पिक्सेलपासून स्वतंत्र एकक असावं हा विचार तिथे होता. अपुरा होता, चित्रं आणि विंडोजला थेट दिलेल्या सूचना पिक्सेलमध्येच होत्या, तरी होता. २००२ मध्ये डॉटनेट हे मायक्रोसॉफ्टचं नवं व्यासपीठ आलं आणि त्यातल्या विनफॉर्म्सने सरळ पिक्सेल धरले. पुढे २००६ च्या डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या चौकटीने पुन्हा इंचाच्या ९६ व्या भागाचं एकक आणलं आणि काम बऱ्यापैकी नीट केलं. पण तोवर हिशोबाची, दवाखान्यांची, शाळांची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या लहान कंपन्यांचा सगळा संसार विनफॉर्म्सवर मांडून झाला होता. तो आजही तिथेच आहे.

या विषयातलं सगळ्यात बोलकं दृश्य व्हिज्युअल स्टुडिओच्या आतच दिसतं. तुमचा स्वतःचा पडदा दीडशे टक्क्यांवर असेल आणि तुम्ही विनफॉर्म्सचा फॉर्म डिझायनरमध्ये उघडला, तर वर एक पिवळी पट्टी येते. तिच्यात लिहिलेलं असतं की तुमचं स्केलिंग दीडशे टक्के आहे, व्हिज्युअल स्टुडिओ शंभर टक्क्यांवर पुन्हा सुरू करा. तसं केलं की संपूर्ण साधन धूसर होतं आणि त्या धूसर खिडकीत बसून फॉर्म आखायचा. पट्टीकडे दुर्लक्ष केलं तर डिझायनर सगळी मापं दीडपट करून लिहितो. टीममधल्या एकाचा लॅपटॉप शंभर टक्क्यांवर, दुसऱ्याचा दीडशेवर, आणि फॉर्ममधला एक शब्द बदलला तरी त्याच्या फाइलमधल्या शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. ज्या साधनाला स्वतःलाच तीक्ष्ण पडद्यावर फॉर्म आखता येत नाही, त्यातून तीक्ष्ण पडद्यावर नीट चालणारा फॉर्म बाहेर पडेल ही अपेक्षा कुठल्या आधारावर ठेवायची?

डॉटनेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही मॅनिफेस्ट फाइल (प्रोग्रामची माहिती विंडोजला सांगणारी फाइल) जोडली तर तिच्यात घनतेची जाणीव जाहीर करणारी ओळ तयार लिहिलेली मिळते, पण कॉमेंट करून बंद ठेवलेली. वर सूचना असते की हवं असेल तर उघडा. माझा आक्षेप नेमका या ‘हवं असेल तर’ला आहे. २०१९ मध्ये डॉटनेट कोर ३ आलं तेव्हा नव्या प्रोजेक्टच्या टेम्प्लेटमध्ये ती जाणीव आपोआप चालू झाली, पण ‘सिस्टिम अवेअर’ पातळीवर. म्हणजे प्रोग्राम सुरू होताना मुख्य पडद्याची घनता एकदाच विचारून घ्यायची. खिडकी लॅपटॉपवरून शेजारच्या बाहेरच्या मॉनिटरवर ओढली की पुन्हा ताणणं सुरू. ऑफिसात लॅपटॉपला मॉनिटर जोडून काम करणं ही आता अगदी रोजची गोष्ट असताना.

एका कंपनीवर सगळं ढकलायचं नाही, कारण इतरांचीही कथा फार वेगळी नाही. खिडक्या आणि बटणं बनवायच्या जावा भाषेतल्या स्विंग या साधनाला विंडोज आणि लिनक्सवर ही सोय २०१७ च्या जावा ९ मध्ये मिळाली. क्यूटी या तशाच साधनाने २०१६ मध्ये ५.६ आवृत्तीत ती दिली, पण बंद ठेवून. कायमची चालू झाली ती २०२० च्या अखेरीस, सहाव्या आवृत्तीत. डेल्फी या आणखी एका साधनाने त्यात तयार होणाऱ्या प्रोग्रामसाठी आधीच सोयी केल्या, मात्र डेल्फीचं स्वतःचं संपादक-वातावरण तीक्ष्ण पडद्यावर नीट दिसायला २०२१ ची अकरावी आवृत्ती यावी लागली, आणि तेव्हा तेच त्या आवृत्तीचं मुख्य आकर्षण म्हणून मांडलं गेलं. लिनक्सवर वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत सव्वाशे-दीडशेसारख्या अपूर्णांक स्केलसाठी सामाईक प्रोटोकॉल २०२२ च्या शेवटी ठरला.

हे टाळता आलं असतं का? ॲपलकडे पाहिलं तर वाटतं, बऱ्याच अंशी आलं असतं. जून २०१२ मध्ये रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आला: २८८० बाय १८००, इंचाला २२० पिक्सेल. ॲपलने प्रोग्रामना सांगितलं की तुमच्यासाठी पडदा १४४० बाय ९०० ‘पॉइंट’चाच आहे, प्रत्येक पॉइंटमागे दोन बाय दोन पिक्सेल आम्ही बघतो. सिस्टिमच्या चौकटी वापरून लिहिलेल्या प्रोग्रामांची अक्षरं फारसं काही न करता रेखीव झाली. प्रोग्रामरला मुख्यतः चित्रांच्या दुप्पट आकाराच्या प्रती द्याव्या लागल्या. पूर्ण दुपटीचं गणित सोपं असतं. १३ पिक्सेलचं सव्वापट १६.२५ होतं, आणि तो पाव पिक्सेल प्रत्येक बटण आपापल्या परीने वर किंवा खाली ढकलतं. म्हणून विंडोजवर कुठे दोन चौकटींमध्ये फट पडते, कुठे एकीवर दुसरी चढते. हे मान्य केलंच पाहिजे की ॲपल स्वतःच पडदा बनवतं आणि स्वतःच सॉफ्टवेअर, त्यामुळे नेमकी दुप्पट घनता निवडणं त्यांच्या हातात होतं. मायक्रोसॉफ्टला शेकडो कंपन्यांचे हजारो पडदे सांभाळायचे होते आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम मोडू द्यायचे नव्हते. जुना प्रोग्राम ताणून दाखवायची व्हिस्टाची तडजोड मला म्हणूनच चुकीची वाटत नाही. जुन्यासाठी ती दयाच होती. चूक झाली ती नव्यासाठी. आज सुरू होणारा प्रोजेक्टसुद्धा जुना समजून वागवण्याचं काही कारण नव्हतं.

यावर एक उत्तर हमखास येतं: डेस्कटॉप सोडा, सगळं वेबवर न्या. वेबवर हा प्रश्न कमी आहे हे खरं. सीएसएस या वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतला पिक्सेल हा फार पूर्वीपासून इंचाचा ९६ वा भाग असं मानलेलं माप आहे, ब्राउझर त्याचे खरे पिक्सेल करतो आणि पानं मजकुराप्रमाणे पसरतात. अनेक कंपन्या डेस्कटॉपच्या जागी इलेक्ट्रॉनकडे, म्हणजे वेबची पानंच प्रोग्रामसारखी चालवणाऱ्या साधनाकडे, वळल्या त्यामागे हेही एक कारण आहे. एका साध्या खिडकीसाठी अख्खा क्रोमियम ब्राउझर पोटात घेऊन फिरायची किंमत त्यांनी मोजली. पण नेट दर तासाला जाणाऱ्या तालुक्याच्या गावातली पतसंस्था, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि बारकोड मशीन जोडलेलं दुकान, रक्ततपासणीच्या यंत्राला थेट जोडलेली प्रयोगशाळा, डीटीपीवर पत्रिका आणि स्मरणिका काढणारा छापखाना यांचं काम डेस्कटॉपवरच चालतं आणि चालणार आहे. त्यांना धूसर अक्षरं दाखवून वेबकडे हाकलणं हा उपाय नव्हे.

दुसरं उत्तर लहान कंपन्यांकडून येतं: आमच्याकडे चार माणसं, ग्राहक पैसे देतो जीएसटीच्या नव्या फॉर्मचे, स्केलिंगचे कोण देणार? त्यांचं म्हणणं खोटं नाही. जुन्या मोठ्या सॉफ्टवेअरचे तीन-चारशे फॉर्म नव्या चौकटीत बसवणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम आहे आणि त्यातून विकायला नवं काहीच निघत नाही. म्हणूनच मी ओझं साधनांवर टाकतोय. डिझायनरने फॉर्म शंभर, दीडशे आणि दोनशे टक्क्यांवर शेजारी-शेजारी दाखवावा. उंची कमी पडून अक्षर कापलं जात असेल तर जशी व्याकरणाची चूक लाल रेषेने दाखवतात तशी तिथेच दाखवावी, आणि तपासायला इंग्रजी मजकुरासोबत मात्रा-उकारांनी भरलेला मजकूरही वापरावा. नवा प्रोजेक्ट पर-मॉनिटर व्ही-टूवरच उघडावा. ज्याला नको त्याने ती ओळ बंद करावी. चिन्हांसाठी १६ बाय १६ च्या चित्राऐवजी व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी रेखीव राहणारं चित्र, हा पहिला पर्याय असावा. एवढं झालं तर चार माणसांच्या कंपनीला नव्या फॉर्मसाठी जवळपास काहीच जास्तीचं करावं लागणार नाही.

साधनं बनवणारे हे आपण होऊन करतील का? अनुभव सांगतो, ग्राहकाने मागितल्याशिवाय नाही. आणि या देशात सगळ्यात मोठा ग्राहक सरकार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या उत्पादनांच्या सुगम्यतेसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानक २०२१ मध्ये आलं, आणि २०२३ मध्ये ते त्या कायद्याच्या नियमांत घेतलं गेलं. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तर २००८ पासून लिहिलेलं आहे की मजकूर दोनशे टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी आशय किंवा काम हातातून जाता कामा नये. वेबसाइटच्या निविदांमध्ये सुगम्यतेचा परिच्छेद आता असतो. ऑफिसातल्या टेबलावर रोज आठ तास उघडं राहणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निविदेत तो दिसायलाच हवा. ज्याला कमी दिसतं त्याच्यासाठी दोनशे टक्के स्केल ही हौस नाही, त्याची नोकरी त्यावर टिकते. आणि ज्याला नीट दिसतं त्याचाही पंचेचाळिशीनंतर तिकडेच प्रवास आहे.

अभियांत्रिकी आणि एमसीएच्या प्रयोगशाळांमध्येही हे शिकवलं पाहिजे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत फॉर्म चालतो का एवढंच पाहतात. परीक्षकाने स्केल बदलून तोच फॉर्म पुन्हा उघडायला सांगितलं, तर विद्यार्थी लेआउट पॅनल एका आठवड्यात शिकतील. त्यांना ते अवघड नाही, कोणी विचारत नाही इतकंच.

सॉफ्टवेअर ताब्यात घेताना करायची तपासणी छोटी आहे. पुरवठादाराने आपल्याच लॅपटॉपवर, आपल्याच सेटिंगमध्ये दाखवलेला डेमो मान्य करू नये. आपला लॅपटॉप दीडशे टक्क्यांवर ठेवावा, त्याला शंभर टक्क्यांवरचा बाहेरचा मॉनिटर जोडावा, सगळ्यात गर्दीचा फॉर्म उघडून तो एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढावा. मग नावाच्या रकान्यात ‘कृष्णमूर्ती’ टाइप करावं आणि पत्त्यात ‘बुद्रुक’. उकार दिसला पाहिजे, जतनाचं बटण दिसलं पाहिजे, दोन्ही पडद्यांवर कडा स्वच्छ हव्यात. नसेल तर बिल थांबवावं.

आणि जी जुनी सॉफ्टवेअरं आता कोणीच दुरुस्त करणार नाही, ज्यांची मूळ कंपनीच राहिली नाही, त्यांच्यासाठी विंडोज १० पासून एक सोय आहे जी ऑफिसांत क्वचितच कोणाला माहीत असते. प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात कंपॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयची सेटिंग्ज उघडायची, तिथे स्केलिंग ओव्हरराइड करायची खूण करून ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडायचं. मग विंडोज चित्र ताणण्याऐवजी अक्षरं आणि रेषा मोठ्या आकारात नव्याने काढायचा प्रयत्न करतं. सगळ्या प्रोग्रामांवर हे चालत नाही, चित्रं तशीच ओबडधोबड राहतात, आणि फॉर्म तळाशी कापला जात असेल तर तो कापलेलाच राहतो. पण ज्या जुन्या प्रोग्रामवर चालतं तिथे मराठी नावं त्याच दिवसापासून वाचता येतात. हे सेटिंग प्रत्येक मशीनवर करायला ऑफिसच्या संगणक विभागाला एक दुपार पुरते, आणि त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.